कानाला न पोचलेला हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या आत्याचे. ती आमच्या गावी अंगणवाडी सेविका होती.

माझा जन्मदाखला नव्हता. शाळेत नाव घालायला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरून दाखवायचा, असा गुरुजींचा नियम. माझा हात दोन बोटं अलीकडेच थांबला. "पुढच्या वर्षी या," गुरुजी म्हणाले. आत्यानं बैलबाजारात उघडतात तसं माझं तोंड उघडलं.

"मागची दाढ पाहा, गुरुजी. सहाचा आहे पोट्टा. दुखण्यानं उंची अडली, वय नाही अडलं!"

त्याच दिवशी मी पहिलीत बसलो. पुढे घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि रायपुरात कामाला लागलो. प्राचीन सांगाड्यांवरून त्या काळच्या मुलांची वाढ आणि आरोग्य तपासायचं काम. चौबे कॉलोनीत खोली घेतली.

आत्यानं विचारलं, "म्हणजे मेलेल्यांची अंगणवाडी चालवून राहिला तू? खिचडी कोणाले वाढतो?"

तीन महिन्यांनी आमच्या प्रमुख मॅडमनी एका लेकराचा सांगाडा पुढे ठेवला आणि त्याच्या वयाचा अहवाल लिहायला सांगितला. या अहवालावरून मला कामावर ठेवायचं की नाही, ते ठरणार होतं. मी मांडीचं हाड तीनदा मोजलं, तक्त्याशी ताडलं आणि ऐटीत लिहिलं: वय चार वर्षं.

मॅडमनी जबडा माझ्या हातात दिला. पहिली पक्की दाढ वर आलेली. पुढच्या दातांवर आडव्या रेघा. दात घडताना आजारपण किंवा उपासमार झाली की पडतात तशा. लेकरू सहाचं होतं, वाढ खुंटलेलं.

"हे कोणी शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं, मॅडम." मी कानाची गोष्ट सांगितली.

त्या हसल्या. "मग आत्यालाच घ्यायला हवं होतं. अहवाल पुन्हा लिहा. सोमवारी दुसरा सांगाडा देते."

आत्या फोनवर फक्त बोलते, ऐकत नाही. म्हणून पत्र लिहिलं:

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. एका सहा वर्षांच्या लेकराले मी हाड मोजून चारचं ठरवलं. म्हणजे मी गुरुजीच निघालो. मॅडमनं ठेवलं मले, पण तुझ्या भरवशावर. पोट्टा होता का पोट्टी, एवढ्या लहान हाडावरून सांगता येत नाही. दातावर दोन रेघा आहेत. दोनदा आजारी पडून दोनदा उठलं असंल. आता त्याचं वय बरोबर लिहिलं. दिवाळीत येतो. माझा हात कानाले पोचते आता, सगळ्यांसमोर तोंड उघडू नको."