वाघाच्या पिंजऱ्यापाशी

आमचे हे सुट्टीच्या दिवशी कधी घराबाहेर पडायचे नाहीत. कंपनीची सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी उशिरापर्यंत झोपायचं आणि मग सायकल उलटी करून चेनला तेल घालत बसायचं, हा त्यांचा ठरलेला आनंद. त्यामुळे एकदा जेवताना ते म्हणाले, "या गुरुवारी मुलांना पुण्याला नेऊ. प्राण्यांची बाग दाखवू," तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आम्ही कासारवाडीला दोन खोल्यांत राहायचो. पुण्याची लोकल तेव्हा नवीनच सुरू झाली होती. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा. मुलगी ताटावरून उठून नाचायला लागली. मीही मनातून हरखले होते. तेवढ्यात हे म्हणाले, "हिला ठेवू शेजारी. उगाच शाळा बुडेल. धाकट्याला घेऊन आपण दोघं जाऊ."

"अहो, त्याला वाघ आणि मांजर सारखंच. वाघ बघायचा तो हिनं. एक दिवस शाळा बुडली तर काय होतंय?"

ते भात कालवत राहिले. मुलीनं भोकाड पसरलं तेव्हा कुठं "बरं, येऊ दे," म्हणाले. पण माझ्या मनात खुट्ट झालं ते झालंच.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर मी शेजारच्या भाभींना हे सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचं हमरस्त्यावर गॅरेज होतं. भाभींनी हंडा खाली ठेवला. "बाई, मर्दमाणूस आपणहून फिरायला नेतो म्हणजे काहीतरी झालंय. नोकरी तर नाही ना गेली?"

ते माझ्या डोक्यातच बसलं. शिफ्टवरून आल्यावर मी त्यांचा डबा उघडून बघायची, कपड्यांना ग्रीसचा वास येतो का बघायची. नोकरी जागेवर होती. मग काय?

बुधवारी ते म्हणाले, "धाकट्याला तो दिवाळीचा सदरा घाल. आणि पोळ्या जरा जास्त घे."

"जास्त कुणासाठी?"

"बाहेर भूक लागते."

मी पुरीभाजीचं ठरवलं होतं, ते सोडून कणीक वाढवली. ते मागं उभे राहून म्हणाले, "सकाळी लवकर आवर. अकराला वाघापाशी पोचलं पाहिजे."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. "वाघ कुठं निघून जाणार आहे का?"

ते सायकलकडे गेले.

गुरुवारी गाडीत आणि पुढं बसमध्ये मी धाकट्याला मांडीवरून खाली उतरवलं नाही. वाघाच्या पिंजऱ्यापाशी मोठे दीर उभे होते, शेजारी जाऊबाई. आळंदीला त्यांचं तुळशीच्या माळांचं, पूजासाहित्याचं दुकान होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं.

"अरे, तुम्ही इथं कसे?" हे इतकं खोटं बोलले की मुलगीसुद्धा त्यांच्याकडे बघायला लागली.

दिरांनी धाकट्याला माझ्या कडेवरून घेतलं, हातात चिक्की दिली आणि दोघे भाऊ त्याला छोटी आगगाडी दाखवायला घेऊन निघाले. मी मुलीचं बोट धरून मागोमाग. जाऊबाई बरोबरीनं चालत होत्या.

"दुकान बंद ठेवून आलात?" मी विचारलं.

"मला म्हणाले, डॉक्टरांना दाखवायचंय. दवाखान्यात तर गेलोच नाही." त्यांच्या आवाजातही माझ्यासारखाच संशय होता.

इतक्यात पुढून दिरांचा आवाज आला, "काय रे, येणार ना आमच्याकडे राहायला? कायमचा?"

मी मुलीचं बोट घट्ट धरून थांबले. जाऊबाई मात्र थांबल्या नाहीत. तरातरा पुढं गेल्या, मुलाला दिरांच्या खांद्यावरून काढून घेतलं आणि आणून माझ्या हातात दिलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"दत्तक घ्यायचं ठरवलंत? मला विचारलंत?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी असतं तर मला सांगितलं असतं. हिच्या मांडीवरून उचललेल्या पोराला मी कोणत्या तोंडानं जेवू घालू?"

आमचे हे उगाच रुमालानं मान पुसत होते.

झाडाखाली बसून आम्ही त्या जास्तीच्या पोळ्या खाल्ल्या. जाऊबाईंनी मुलीला वेणी घालून दिली आणि तिला हरणं दाखवायला घेऊन गेल्या. परतीच्या गाडीत मी ह्यांना विचारलं, "घरी का नाही सांगितलंत?"

"घरी तू रडली असतीस. वाटलं, आधी मुलाला त्यांचा लळा लागू दे. दादाला नाही म्हणवेना गं."

"आणि मला फसवलंत?"

त्यांनी धाकट्याच्या सदऱ्यावरची चिक्की झटकली. दत्तकाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पुढं जाऊबाईंनी आपल्या भावाच्या मोठ्या मुलाला दुकानात मदतीला आणलं. तरी वर्षभर मी धाकट्याला आळंदीला पाठवलं नाही. दिरांची हाक ऐकू आली की आधी त्याला आतल्या खोलीत न्यायची. जाऊबाईंना ते कळत होतं. आमच्याकडे आल्या की त्या उंबऱ्याबाहेरूनच सांगायच्या, "एकटीच आलेय गं." मग मी पोराला त्यांच्या मांडीवर द्यायची.