म्हशीचं प्रोजेस्टेरॉन

आमच्या घरात म्हैस नाही. मी गावातल्या दूध संस्थेचा सचिव, तरी नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं एक म्हैस येते आणि ती मीच तयार केलेली आहे.

बायकोचा एकदा दुसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. तेव्हा अख्खं गाव भेटायला येऊन गेलं, म्हणून या खेपेला तिची एकच अट होती: तीन महिने भरेपर्यंत कुणाला कळता कामा नये. आई बहिणीकडं आजऱ्याला होती, तिलाही नाही. मी शब्द दिला. सहावा आठवडा लागला आणि तिला डाग दिसला.

शाहूपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. प्रोजेस्टेरॉन अकरा.

"हे हार्मोन गर्भपिशवीचं अस्तर धरून ठेवतं," मॅडम म्हणाल्या. "आधी एकदा गेलंय, आता डाग आहे, म्हणून कॅप्सूल देते. सकाळ-संध्याकाळ, खालून ठेवायची. फायदा होईल, पण खात्री देत नाही. आणि त्या आकड्याच्या मागं लागू नका, तो दिवसात खाली-वर होतो. ठोका दिसायला अजून लवकर आहे. दहा दिवसांनी सोनोग्राफी करू."

"तोवर?"

"तोवर वाट बघायची."

ते मला जमत नाही. त्यात माझं सगळं आयुष्य आकड्यांत. दिवसातनं दोनदा दूध येतं, मशीन फॅट सांगतं, फॅट पडलं की माणूस घरी जाऊन वैरण-पेंड बदलतो. बायकोचे अकरा मला पडलेल्या फॅटसारखे दिसायला लागले. मी अंडी आणली, खजूर आणले, तूप वाटीनं वाढलं. ती बाथरूममधनं बाहेर आली की मी दारात.

"डाग?"

"न्हाय."

अर्ध्या तासानं परत तेच. शेवटी ती म्हणाली, "अहो, मला पाणी पिऊ देताय का न्हाय? पिलं की जावं लागतंय, गेलं की तुम्ही दारात उभं."

सहाव्या दिवशी मी तिला हातकणंगल्याला नेलं आणि दुसऱ्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. मॅडमनीच सांगितलंय, असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी आकडा आला नऊ. आता हे नऊ सांगायचे कुणाला? बायको घाबरणार, मॅडम झापणार. तिला म्हणालो, रिपोर्ट थेट मॅडमकडं जातोय. कागद माझ्या खिशात. दोन दिवस मी तो काढून बघत होतो, जसं काही बघून बघून तो दहा होणार होता.

नवव्या दिवशी सकाळी संस्थेत जनावरांचे डॉक्टर आले. तरुण, नुकतेच बदलून आलेले. कपबशी त्यांच्या हातात दिली आणि माझी जीभ सुटली.

"डॉक्टर, एक म्हस हाय. मागल्या खेपंला दुसऱ्या म्हयन्यात गाभडली. आता परत गाभण हाय, पण डाग दिसतोय. प्रोजेस्टेरॉन अकराचं नऊ झालंय."

त्यांनी चहा खाली ठेवला. "म्हशीचं प्रोजेस्टेरॉन तपासलं? या गावात? कुणाची म्हैस?"

"घरचीच की."

तेवढ्यात दुधाची गाडी आली. मला वाटलं, सुटलो.

दुपारी जेवून मोरीत हात धूत होतो तर त्यांची मोटारसायकल आमच्याच दारात. बायको पुढं झाली.

"वहिनी, म्हस कुठं बांधलीया?"

"कुठली म्हस?"

"सचिव म्हणालं की. मागल्या खेपंला गाभडली, आता डाग दिसतोय, अकराचं नऊ झालंय. रक्त तपासून आणलंय म्हंजे लई लाडाची दिसतीया."

बायकोनं वळून माझ्याकडं बघितलं. नऊ ती पहिल्यांदाच ऐकत होती. माझ्या हाताला साबण तसाच. आता परक्या माणसापुढं वाभाडे निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती दाराची चौकट धरून म्हणाली, "रानात हाय ती. डॉक्टर, टिकंल का हो तिचं?"

हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मॅडमनासुद्धा नाही.

"आकड्यावरनं कोण सांगणार, वहिनी. काही टिकतात. काही जायचीच असतात, त्यात तिनं काय खाल्लं, कुठं हिंडली, याचा काही संबंध नसतो. चला, बघू तरी."

"आज नको. दमलीया ती."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हातातले रबरी हातमोजे परत पिशवीत घातले. "ऱ्हाऊ दे मग. मालकाला सांगा, सारखी सुई टोचू नका तिला." ते गेले. त्यांना काय कळलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. गावात मात्र कुठं एक शब्द फुटला नाही.

"नऊ कधी आलं?" बायकोनं विचारलं.

"परवा."

"म्हंजे मॅडमनी सांगितलंच नव्हतं."

"न्हाय."

ती पायरीवर बसली. "मागल्या खेपंला मी पाण्याची घागर उचललेली. त्यानंच गेलं, असं वरीसभर डोक्यात हाय माझ्या." मग म्हणाली, "भ्यायचं असलं तर मला सांगून भ्या. एकट्यानं भिऊन काय केलंसा, मला म्हस केलंसा. दुसरं जनावर सुचलं न्हाय?"

"शेळी म्हणायला पायजे हुतं. डॉक्टर आलेच नसते."

ती हसली नाही. पण रात्री जेवायला बसली, आणि तूप मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या आधी मी नऊचं सांगून टाकलं आणि मॅडमनी ठरल्याप्रमाणे झापलं. "खालून ठेवलेली कॅप्सूल पिशवीत काम करते, रक्तात आकडा फारसा चढत नाही. कशाला केलंत?" मग पडद्यावर बघत त्या म्हणाल्या, "हा ठोका. दिसतोय?"

"व्हय," मी म्हणालो. मला नुसती राखाडी राख दिसत होती.

"कुठं दिसतोय, दाखवा बघू," बायको झोपल्या जागेवरनं म्हणाली.

मॅडमनी पेनाचं टोक पडद्याला टेकवलं. शेंगदाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात काहीतरी भराभर लुकलुकत होतं. बायकोनं माझं मनगट असं आवळलं की घड्याळ रुतलं.

कॅप्सूल अजून महिनाभर चालू ठेवायच्या, पुढची तपासणी कधी, मॅडम सगळं सांगत होत्या. मी माना डोलावत होतो. मदतनीस बाईनं पुसायला कागद दिला, पुढच्या पेशंटला हाक मारली, तरी बायको पडद्यावरची नजर काढून उठायला तयार नव्हती.