अण्णाची शुगर

आमच्या अण्णाला शुगर आहे, हे खटकचिंचोळीत सगळ्यांना माहीत होतं. साफ खोटं होतं ते.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. हैदराबादला इमारतीच्या कामावर गेला आणि झोप हरवून परत आला. भिंतीकडं तोंड करून बसायचा, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणायचा. बीदरच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी तो माणसात आला. पण बीदरहून येताना बसमध्येच आईनं ठरवून टाकलं, "येडा म्हटल्यावर पोरगी कोण देईल? शुगर हाय म्हणायचं." झालं! तेव्हापासून बिचाऱ्याला गावभर बिनसाखरेचा चहा. बारशाला गेला तर बायका त्याच्या पानातला लाडू उचलायच्या, वर मायेनं म्हणायच्या, "जपा बाबा." मला असा संताप यायचा!

मग त्याचं लग्न झालं. वहिनी मुडबीची. तिची आई लग्नालाच आली नाही, शुगर वाढलीय म्हणाले. आमच्या आईला तिथूनच संशय, ह्या लोकांना काहीतरी कळलंय. तिनं गोळ्या ज्वारीच्या कणगीत दडवल्या. वहिनी पाण्याला गेली की आई एक काढून अण्णाच्या हातावर ठेवायची. वहिनीही काही कमी नव्हती. कणगीजवळ घुटमळायची. उकिरड्यावरचं गोळ्यांचं रिकामं पाकीट उचलून बघताना मीच तिला पाहिलं. "माहेरी खबरा पोचवायलीय," आई कुजबुजायची. मलाही तसंच वाटायचं.

पुढं दारात नळ आला आणि वहिनीचं पाण्याला जाणंच बंद झालं. गोळ्या चुकायला लागल्या. अण्णा पुन्हा जागा राहू लागला, दाराची कडी सारखी तपासू लागला.

"आई, सांगून टाक वहिनीला."

"कामून सांगू? उद्या बाडबिस्तरा उचलून निघून जाईल ती!"

येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं गाव रिकामं होतं, जो तो शेतात जेवतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी आणि आंबिल वाढून झालं. अण्णा पंगतीला येईना. कोपीमागं उकिडवा बसून रस्त्याकडं बघत होता. "ती माणसं आली," म्हणाला. आता पुन्हा तेच सगळं!

वहिनी खिरीचा वाडगा घेऊन त्याच्याकडं निघाली. आई धावली, "अगं, शुगर हाय त्याला!"

वहिनी थांबली. कमरेचा बटवा सोडून तिनं गोळ्यांचं पाकीट काढलं. आमच्या कणगीतलंच.

"शुगर न्हाई ह्यांना, आत्या. मी पहिल्याच हप्त्यात वळखली ही गोळी. काढून दिली असती तर मलाच चोर म्हणला असता. माझ्या आईला बी हीच शुगर हाय. म्हणून तर तिला लग्नाला आणलं न्हाई."

जेवायला बोलावलेली माणसं घास हातात धरून बघत राहिली. आणि आमच्या आईच्या तोंडून पहिलं काय निघावं?

"म्हंजे तुमच्या लोकांनी आमाला फसवलं की!"

मला रडू यायचं ते हसूच फुटलं. वहिनी मात्र हसली नाही. तिनं अण्णाला गोळी दिली, पाणी दिलं आणि त्याच्याशेजारी ढेकळातच बसली.

मग आईनं पदरानं डोळे पुसले, खिरीचा वाडगा अण्णापुढं सरकवला. "खा रे," म्हणाली. आणि वहिनीकडं न बघताच विचारलं, "तुझी आई... निजती का गं आता?"

"गोळी मिळाली की निजती," वहिनी म्हणाली.