संपाआधी, संपानंतर

आमच्या भांडुपच्या खोलीत जगाच्या इतिहासाचे दोनच भाग होते: संपाआधी आणि संपानंतर. वडील गिरणीत होते. गिरणीकामगारांचा तो मोठा संप कुणी मागे घेतलाच नाही, गिरण्याच बंद पडल्या. त्यामुळे म्हातारपणीही कुणी विचारलं, की वडील सांगायचे, "संपावर आहे."

माणूस चंद्रावर उतरला तो संपाआधी. बर्लिनची भिंत पडली ती संपानंतर. पुढे मी शाळेत इतिहास शिकवायला लागले, तरी मनात आधी हेच यायचं, मग सन. भाऊ तर फोनवर मुद्दाम विचारायचा, "अगं, फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवलं ते कधी?"

"संपाआधी रे, येड्या!" मी म्हणायचे, आणि दोघंही खो खो हसायचो.

भाऊ गेल्या वर्षी गेला. आता हे पंचांग वापरणारी मी एकटीच उरले.

परवा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची मुलगी भेटली. तिने सहज विचारलं, "आंटी, तुम्ही इकडे कधी शिफ्ट झालात?"

मी सवयीने बोलून गेले, "संपानंतर. बऱ्याच वर्षांनी."

"कुठला संप? रिक्षावाल्यांचा ना?"

असा संताप आला, की गिरणीचा भोंगाच वाजवावा तिच्या कानात. पण ती हसून, खरंच उत्तराची वाट बघत उभी होती, आणि माझा मजला आला होता.

"हो," मी म्हटलं. "रिक्षावाल्यांचाच."