थोरला कोरगावात, धाकटा कारापुरात

साल १९८७. माझं वय चौतीस. गोवा राज्य झालं त्याच वर्षी मी कोरगाव सोडलं. बाहेर लोक मराठी की कोंकणी म्हणून भांडत होते. आमच्या घरात आरती मराठीत आणि शिव्या कोंकणीत, तिथं भांडण कसलं? मला डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचं काम मिळालं होतं आणि राहायला कारापुरात दोन खोल्या. भांडी, गोधड्या, खोबरं किसायची आडोळी, सगळं ट्रकात भरलं. बायको धाकट्या विनायकाला मांडीवर घेऊन पुढं बसली. थोरल्या सदानंदाचा हात मात्र माझ्या बापानं धरून ठेवला होता.

"ह्याका हयसरच रवांदे," बाबा म्हणाले. "देवाकडे दिवो लावूक घरात पोर व्हया."

विचारलं नाही, सांगितलं. आमच्याकडे बाप विचारत नसत. मी मान हलवली. बायको म्हापसा येईपर्यंत रडत होती. सदानंद रडला नाही, चिऱ्याच्या पायरीवर उभा राहून ट्रक वळेपर्यंत बघत होता, असं तीच मागाहून सांगायची. मी मागं बघितलं नव्हतं.

कोरगावात राहिलात त्यांनी, आणि माझ्यासारखे खाणींकडे गेलात त्यांनीही वाचावं म्हणून हे लिहितो. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुकलेलं अक्षर सुधारून वाचा, अर्थ सुधारू नका.

आम्हाला बाबांनी शिरपुटीवर वाढवलं. बारीक हिरवी फांदी, वाऱ्यासारखी वाजायची. सांगितल्याशिवाय उठायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. काजूच्या बागेत बोंडं गोळा करताना एक तोंडात टाकलं तरी पाठीवर वळ. त्यानं मी बिघडलो नाही. चढावावर लाल धुळीत भरलेला ट्रक कधी उलटू दिला नाही, दारूला शिवलो नाही, कुणापुढं हात पसरला नाही. म्हणून विनायकाला मी तसंच वाढवलं. ज्या साच्यानं मी घडलो, तो साचा वाईट कसा म्हणू?

पण तिकडे कोरगावात तेच बाबा बदलले. मला शिरपूट आणि नातवाला खांदा. सदानंद शाळा चुकवून ओढ्यावर गेला तर हे त्याच्यामागं टॉवेल घेऊन जायचे. जेवताना मासळीचा मधला तुकडा त्याला. मला ‘तुमी’ म्हणायचा आणि बाबांना बाबा. बायकोला ते फार लागायचं. मला लागायचं नाही असं नाही, पण बापानं तसं दाखवायचं नसतं.

चवथीला आम्ही सगळे कोरगावात. गणपती मूळ घरी एकच, तो वेगळा काढायचा नाही ही आमची रीत. एका वर्षीची गोष्ट, पोरं हाताशी आली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी माटोळी. तिला बांधायची रानफळं सदानंद एकटाच डोंगरात जाऊन घेऊन आला. कुठलं फळ कुठल्या झाडाचं, कुठं घसरलो, कुठं गांधीलमाशी चावली, सगळं बडबडत होता आणि बाबा हसत होते. मी विनायकाला शिडीवर चढवलं, सुपारीचा घोस हातात दिला आणि म्हटलं, "धर." तेवढ्यात दारात वाड्यावरचा माणूस आला म्हणून बाहेर गेलो. खाणीच्या गोष्टी निघाल्या, वेळ गेला. परत आलो तर विनायक तसाच शिडीवर, घोस दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. बांधायचं सुंभ त्याच्या गळ्यात तसंच लोंबत होतं.

"बांधलं का नाहीस?" मी विचारलं.

"धर म्हणालात."

घर हसलं. सदानंदानं शिडीवर चढून गाठ मारली आणि भावाला हाताला धरून खाली उतरवलं. बाबा सोप्यावरून म्हणाले, "तुजो झील बरो बैल जालो मरे. आतां नांगर जोड."

मी म्हटलं, "शिरपूट तुमचीच."

बाबा हसायचे थांबले. पानाचा डबा उघडला, काही न घेता तसाच बंद केला. 

पुढं खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभा राहून गंजला. आधी बाबा गेले, मग बायको गेली. सदानंदानं शाळा कधीच अर्ध्यावर सोडली होती. आता काजूची बाग बघतो, फेणीची भट्टी लावतो, पंचायतीत जाऊन तोंडावर बोलतो. त्याला कुणाची भीती नाही, पण ओढही कुणाची नाही. आईच्या आजारपणात एकदा आला, उशाशी बसला आणि बागेत माणसं लावलीत म्हणून निघून गेला. तो वाईट वागला असं मी म्हणत नाही. मोकळं सुटलेलं वासरू गोठा शोधत येत नाही, एवढंच.

विनायक माझ्याजवळ. नोकरीत एकही खाडा नाही. आईचं सगळं त्यानं केलं, मी सांगेन तसं. मुलगी बघायला त्याला नेलं तेव्हा पसंत का म्हणून तिच्या बापानं विचारलं, तर हा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी चहा पाजला आणि मागाहून नको म्हणून कळवलं. तशी अजून दोन ठिकाणं झाली. आता त्याच्या कानाजवळ पांढरे केस आलेत.

गेल्या चवथीला मी मनाशी धरलं होतं की आता कोरगावात परत राहायला यायचं. ज्या घरात जन्मलो तिथं डोळे मिटावेत, दुसरं काही मागणं नाही. गणपतीचं विसर्जन झालं, पाहुणे गेले, विनायक नोकरीसाठी आदल्या दिवशीच परतला होता. मी सदानंदाला सोप्यावर बोलावलं आणि सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

तो म्हणाला, "घर तुमचांच. बाबांची खोली झाडून देतंय. पण ह्यां कर, त्यां करू नको, असां माका म्हणूचां नाय. तितक्या जमात तर आजच रवा."

आवाज चढवला नाही. खोटंही बोलला नाही. त्याच्या जागी विनायक असता तर म्हणाला असता, ‘तुम्ही सांगाल तसं.’

मी म्हटलं, "घरात बापानं बोलायचं नाही, तर बाप भिंतीवर फोटोत बरा."

"फोटो लावपाचो आसा तेन्ना लावया," तो म्हणाला, आणि तोही हसला नाही, मीही हसलो नाही.

पिशवी भरलेलीच होती. त्यानं बसपर्यंत ती उचलून आणली, खिडकीतून आत दिली, वर पिकलेल्या केळ्यांची फणी ठेवली. म्हापशाला बस बदलली. संध्याकाळी कारापुरात पोचलो. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून कोरगावच सांगतो. पण त्या दिवशी कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, घरा चललात?" तेव्हा मी कारापूर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला. विनायक पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि रोजच्यासारखं म्हणाला, "बाबा, पाव किती घेऊ?"

मी खुर्चीत बसून होतो. म्हटलं, बघू या, बोललो नाही तर काय होतं. मी बोललो नाही. त्यानं परत विचारलं. पोदेर सायकलवर एक पाय टेकून थांबला, टोपलीवरचं कापड उचललं, आमच्या दोघांकडे बघितलं. विनायक माझ्याकडे बघत होता, रिकामी पिशवी दोन्ही हातांत धरून. मग पोदेरानं कापड झाकलं आणि भोंपू वाजवत तो पुढच्या वाड्यावर गेला.

चहा आम्ही तसाच प्यालो.