हंगाम संपेपर्यंत

नेब्रास्कातल्या प्राहा क्रीक गावच्या शाळेत व्हर्लिन कुचेरा यांनी एकतीस वर्षं मुलींना व्हॉलीबॉल शिकवला. निवृत्त होताना त्यांनी दोनच वस्तू घरी नेल्या, एक शिटी आणि एक बंद पाकीट. शिटी भिंतीवर लागली. पाकीट टेबलाच्या खणात गेलं, आणि त्या खणाकडे बघायचंही ते टाळत.

कॉलेजांची पत्रं तेव्हा मुलींच्या नावाने, पण शाळेच्या पत्त्यावर, कोचच्या हाती येत. कुचेरा ती कुलपात ठेवत आणि हंगामातला शेवटचा सामना झाल्यावरच वाटत. "आधी दिली तर पोरींच्या डोक्यात हवा जाते," असं ते म्हणायचे. आसपासचे सगळेच कोच तसंच करत, त्यामुळे कुणी त्यांना वेड्यात काढलं नाही. खरं तर काढायला हवं होतं. पत्र मात्र ते कधी फोडत नसत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, एवढे ते सभ्य होते.

एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरात जोलीन पेत्स्काच्या नावाने आयोवातल्या एका कॉलेजचं पत्र आलं. जोलीन म्हणजे गवताचे भारे फेकून खांदे तयार झालेली, सहा फूट उंचीची पोरगी. पत्र कुलपात गेलं. नोव्हेंबरात राज्याची अंतिम फेरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कॉलेजच्या कोच बाईंचा फोन आला.

"ऑक्टोबरअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. चारही वर्षांची शिष्यवृत्ती होती. तुमच्या मुलीला नकोय असं समजून आम्ही दुसरी घेतली."

त्या दुपारी जोलीन शाळेतल्या त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "कोच, माझ्या नावाने काही आलं का?"

"नाही," कुचेरा म्हणाले.

एवढंच. जोलीन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला लागली, आणि अजून तिथेच आहे. चर्चमध्ये ती दिसली की कुचेरा मागच्या दाराने बाहेर पडत. बायको गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा तर मनाची टोचणी फारच वाढली. टपालपेटीचं झाकण वाजलं की त्यांना स्पष्ट ऐकू यायचं, काही आलं का? सरावाच्या वेळी, दुपारी साडेतीनला, भिंतीवर बॉल आपटल्यासारखं वाटायचं. बाहेर कुणी नसतं हे ठाऊक असूनही ते उठून बघत.

तेवीस वर्षांनी एका दुपारी जोलीन खरोखरच दारात आली. सोबत मुलगी ब्रिना, हातात कोलाचींचा, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचा डबा.

"कोच, हिला कॉलेजात खेळायचंय. त्यासाठी काय करतात ते मला कुठे माहीत? मला तर कुणी विचारलंच नाही. मी कमीच पडले असणार. तुम्ही तोंडावर बोलला नाहीत, हा तुमचा चांगुलपणा."

कुचेरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी ब्रिनाला थेट शिकवायलाच सुरुवात केली. वीस कॉलेजं निवड, मोठी थोडी, लहान जास्त. पत्राची वाट बघत बसू नकोस, आपणहून लिही. मार्कांचा कागद जोड. खेळाची व्हिडिओ टेप तीन मिनिटांची कर, त्यापुढे कुणी बघत नाही. आणि एक चुकलेला बॉलही ठेव.

"चूक कशाला दाखवायची?" ब्रिनाने विचारलं.

"चुकल्यावर तू काय करतेस, ते त्यांना बघायचं असतं," कुचेरा म्हणाले.

ब्रिना एका कॉलेजचा फॉर्म भरत होती. पत्त्याच्या जागी ती थांबली.

"कोचचाच घाल," जोलीन म्हणाली. "त्यांच्या हाती पडलं म्हणजे हरवायचं नाही."

कुचेरा उठले. खण उघडून त्यांनी ते पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुझं. एक्क्याऐंशीचं. तू विचारलंस तेव्हा माझ्याकडेच होतं." मग त्यांनी सगळं सांगितलं, कुलूप, मुदत, फोन.

जोलीनने पाकीट फोडलं. एकच पान होतं, पण ते वाचायला तिला बराच वेळ लागला.

"तेवीस वर्षं मला वाटत होतं, मी कमी पडले."

"तू कमी पडली नव्हतीस, पोरी."

"मला पोरी म्हणू नका."

तिने फॉर्म ओढून घेतला, 'द्वारा कोच' एवढं ब्रिनाने लिहिलं होतं ते खोडलं आणि वर आपल्या घरचा पत्ता लिहिला.

"टेपमध्ये आणखी काय घालायचं ते सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. मला परत इथे यायचं नाहीये."

कुचेरांनी सांगितलं. ब्रिना मान खाली घालून लिहून घेत होती. जाताना जोलीनने पत्र उचललं, आणि कोलाचींचा डबाही.