केसरबाईचं मँडोलिन

पोंभुर्ण्याच्या भीमगीत मंडळात केसरबाई बरीच वर्षं बुलबुलतरंग वाजवायची. त्र्याऐंशी साली मंडळाचे प्रमुख बापूराव म्हणाले, बुलबुल लेकराच्या खेळण्यासारखं वाजतं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर यंदा मँडोलिन पाहिजे, नाहीतर बल्लारपूरच्या मँडोलिनवाल्या इतवारीला बोलावू. धान विकून केसरबाई मूल गावी लटारूकडे गेली.

लटारू आपल्या पडवीत एकटाच वाद्यं घडवायचा. शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या शेकून वाकवायच्या, सरसाच्या गोंदाने एकमेकींना जोडायच्या, की मागून अर्ध्या भोपळ्यासारखं फुगलेलं इटालियन घाटाचं मँडोलिन तयार. एकाला कित्येक महिने लागत. केसरबाईला ते उन्हाळ्यात मिळालं आणि पावसाळा लागेपर्यंत तिचा हात त्यावर बसलाही.

पण झडी लागली तशी तिला ओलीची धास्ती पडली. घरात कोरडी जागा एकच, चुलीवरचा आडवा बांबू. बियाण्याची मक्याची कणसं कीड लागू नये म्हणून तिथेच धुरात टांगलेली असत. त्यांच्या शेजारी तिने मँडोलिन टांगलं. कार्यक्रमाला आठवडा उरला तेव्हा खाली काढलं, तर चुलीच्या धगीने सरस सुटून पट्ट्या उकलल्या होत्या.

ती ते घेऊन मूलला गेली, तेव्हा लटारूने ते धुरकटलेलं लाकूड नाकाशी नेलं. "बाई, हे काय मक्याचं कणीस होय?"

"कीड तं नाई लागली ना, लटारूभाऊ," केसरबाई म्हणाली.

तो हसला. मग मँडोलिनच्या फुगीर पोटावरून त्याने बोट फिरवलं. सरस नव्याने लावता येईल, म्हणाला, पण तो मुरेपर्यंत महिनाभर तारा चढवायच्या नाहीत.

"आताच चढवल्या तं?"

"त्या दिवशी वाजंन. मंग पोट फाटंन, अन् मले बी काई करता येनार नाई."

केसरबाई पडवीच्या खांबाला टेकून बसून राहिली. या खेपेला इतवारी त्या जागेवर बसला, की तो पुढे उठायचा नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"ठेवा मंग, मुरू द्या," ती शेवटी म्हणाली.

दीक्षाभूमीवर इतवारीने चांगलं वाजवलं. बापूरावांनी माईकवरून त्याचं नाव दोनदा घेतलं. केसरबाई मागच्या रांगेत बसून झांज धरत होती, आणि तिचा ताल कुठे चुकला नाही. पहाटे मंडळाची गाडी निघाली तेव्हा पुढची जागा इतवारीला दिली होती. मंडळातल्या सत्यशीलाने मागे सरकून केसरबाईसाठी जागा केली, पण ती चढली नाही. मला मूलला लटारूभाऊकडे काम आहे, एवढं सांगून ती बसस्टँडकडे चालू लागली.